दप्तर बंद करणारे बाबू

नवी राज्यं होणार होती त्या साली, दिवाळीआधीच्या सोमवारी, सौंसरच्या तहसील कचेरीतल्या गर्दीत मी आणि मला संत्र्याचा बगीचा विकणारा लोधीखेड्याचा म्हातारा होतो; समोर जमिनीचं दप्तर सांभाळणारे बाबू. बगीच्याचे दोन हजार मी देऊन चुकलो होतो. फक्त दप्तरात माझं नाव चढायचं होतं.

तेवढ्यात दप्तर सीलबंद करण्याचा हुकूम आला. आपली तहसील कोणत्या राज्यात जाणार, हेही कोणी नीट सांगेना. शिपाई लोकांपुढची बुकं ओढू लागला. बाबूंनी त्याला थांबवलं, दार लावून नवा माणूस आत येणं बंद केलं आणि ते टेबलाटेबलापाशी गेले. बोलताना ते माणसाकडे बघत नसत, पानाकडे बघत.

"हातातली नोंद पुरी करा, मंग उठा. मी हाकलून नाही राहिलो."

माझी नोंद लिहिणारा मुन्शी मात्र चहाला गेला तो आलाच नाही. म्हाताऱ्याचं नाव खोडलेलं, माझं लिहायचं राहिलेलं. बाबूंनी बरीच वाट पाहिली, मग म्हाताऱ्याचं नाव पुन्हा लिहून सही केली.

"अन् माझं नाव, बाबूजी?"

"तुमचे कागद मी तपासले नाही. अर्ध्या नोंदीवर सील लागलं, तर बगीचा तुमचाही नाही अन् या बुवाचाही नाही. दप्तर उघडलं की पहिल्यापासून लिहू."

म्हातारा हसला. "म्हणजे वापस माहाच झाला का जी?"

"कागदावर तर तुमचाच."

बाबूंनी मला वाचवलं की बुडवलं, मला अजून उमगलेलं नाही. दप्तर उघडायच्या आत, फाल्गुनात, मृग बहाराची संत्री पिकली. फळं कोणाची, हे विचारायला गेलो, तर बाबू सीलबंद कपाटाकडे बघून म्हणाले, "कागदावर तर बुवाचीच." शेवटी माझ्याच बगीच्यातल्या संत्र्यांचे साठ रुपये मी म्हाताऱ्याला दिले.