कपबशीतला चहा आणि चौदा आटे

सिद्रामप्पा मुंगीवर पाय देत नसे. लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे, आणि कुणाला 'अरे' म्हणायची त्याची छाती नव्हती. अशा देवमाणसाच्या हाती लातूरच्या नळांची चावी होती. चावी म्हणजे छातीएवढी लोखंडी दांडी. रस्त्यातल्या खड्ड्यात घालून ती फिरवली की खालच्या गल्लीला पाणी सुटायचं. तिचे पुरते चौदा आटे, म्हणजे चौदा फेरे फिरवले की घागर भराभर भरायची.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. साहेब लोक आले, त्यांची वसाहत आली, बंगल्यांपुढं बागा आल्या. आला नाही तो पाऊस. त्या उन्हाळ्यात मोठ्या साहेबानं सिद्रामप्पाला बोलावलं. "वसाहतीत पाहुणे येणार आहेत. आठ दिवस खालच्या गल्लीचे दोन आटे कमी ठेव."

"हाव साहेब." दुसरं काय म्हणणार बिचारा!

पाहुणे आले, श्रीखंड खाऊन गेले. आठ दिवस सरले. आता पूर्वीसारखं कर, असं कुणी म्हणालं नाही, आणि सिद्रामप्पानंही विचारलं नाही. साहेबाला उगीच कशाला तरास? शिवाय वसाहतीतल्या एक बाई त्याला कपबशीतून चहा द्यायच्या, "सिद्रामप्पा, बसा" म्हणायच्या. गल्लीत तो जन्मभर सिद्राम्याच. त्या कपबशीचं कौतुक त्यानं घरोघर सांगितलं होतं. एक दिवस बाई नुसत्या म्हणाल्या, "आज गुलाबांना पाणी पुरलं नाही हो." झालं! गडी उठला आणि स्वतःच्या अकलेनं तिसरा आटा कमी करून आला. मग चौथा. एकच आटा, त्यात काय एवढं? असं करत दीड महिन्यात गल्लीला उरले चार.

त्याच गल्लीत त्याची थोरली बहीण राहायची, पार्वतम्मा. आई गेल्यावर ह्याला कडेवर वागवून लहानाचा मोठा केला तो तिनंच. ती म्हणाली, "सिद्राम्या, दिसभरात एक घागर भरंना झालीय. वाढव की रं बाबा."

"हुकूम हाय अक्का. बहिणीसाठी वाढवला तर बेइमानी व्हईल. मला समदे सारखे."

आणि ह्याचा त्याला अभिमान केवढा! सख्ख्या बहिणीलाही सवलत नाही म्हणून पूजेला बसला की स्वतःच्याच इमानदारीनं त्याचे डोळे भरून यायचे. त्याच्या घराचा नळ तेवढा वसाहतीच्या वरच्या लाइनीवर होता.

अक्का मग जुन्या बारवेत उतरायला लागली. तळाला गढूळ पाणी होतं, पण होतं. एका सकाळी भरली कळशी घेऊन चढताना तिचा पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. गल्लीतल्या माणसांनी तिला बाजेवर घालून वर काढलं.

सिद्रामप्पा धापा टाकत साहेबाकडे गेला. "साहेब, ते आटे..."

"कसले आटे?" साहेबाच्या ध्यानातही नव्हतं. "ते पाहुणे तर कधीच गेले."

तिथून तो बहिणीच्या बाजेशी आला. "अक्का, साहेबाचा हुकूम होता गं."

"आठ दिस साहेबाचे," पार्वतम्मा म्हणाली. "बाकीचे कुणाचे रं?"

सिद्रामप्पा ढसाढसा रडला. रडणं त्याला झ्याक जमायचं. तसाच उठला आणि चौदाच्या चौदा आटे खोलून आला. गल्लीत घागरी वाजल्या, लेकरं न्हाली, बायांनी त्याला दुवा दिला. तीन दिवस.

चौथ्या दिवशी बाईंनी कपबशी पुढं केली. "सिद्रामप्पा, बसा. गुलाब बघा ना, सुकायला लागलेत." त्यानं चहा संपवला, मिशा पुसल्या, चावी खांद्यावर टाकली. एकच आटा, त्यात काय एवढं?

खालच्या गल्लीत पार्वतम्मा बाजेवर पडून होती. नळाखालच्या घागरीचा आवाज बारीक झालेला तिनं ऐकला. सुनेला हाक मारून म्हणाली, "कळशी घे आन बारवेकडं नीघ. सिद्राम्या चहा पिऊन आला बघ."