आजींचं ताट आधी

"वाक. अजून वाक," असं म्हणत आमचे शेजारी लेकीच्या मानेवर दोन बोटं टेकवायचे. दोन हजार तीन-चारच्या सुमारास ते भाईंदर पश्चिमेला आमच्या मजल्यावर राहायला आले. बायको, आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि म्हातारी आई. जिन्यात कुणी वयस्कर दिसलं की लेकीचा नमस्कार ठरलेला. उत्तनची मासेवालीसुद्धा सुटली नाही. "नको गो बाय, हाताला मासली हाय!" म्हणत ती मागे सरकली, तरी मुलगी वाकलीच. बाकीची पोरं त्यांची चाहूल लागताच गच्चीवर पळायची. तुमच्याही शेजारी असं शिस्तीचं प्रकरण असेल, आणि तुम्हीही आमच्यासारखे हसला असाल.

घरात आजींचा मान मोठा. त्यांचं ताट आधी. त्यांचं होईपर्यंत कुणी जेवायला बसायचं नाही, मध्ये बोलायचं नाही.

"वडिलांशी मी नीट वागलो नाही हो," ते एकदा म्हणाले. "ते तसेच गेले. आईच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाहीये मला."

हेतू चांगला होता, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. आजी गॅलरीत माझ्याशी बोलायच्या. "मला नैवेद्य दाखवतात गं रोज. एकटीला घास उतरत नाही. पोरीने कधी माझ्या ताटातला पापड पळवला नाही." मी हे त्यांच्या मुलाच्या कानावर घातलं. "आई काहीही बोलते," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पुढे आजी दवाखान्यात होत्या. जेवण सुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, दोन घास पोटात गेले पाहिजेत. ते डबा आणि लेकीला घेऊन निघाले, सोबत मीही गेले.

मऊ भात कालवून समोर ठेवला, तशी आजींनी कॉटवर हात आपटून नातीला बोलावलं. "ये, बस. तू खाल्लंस तर मी खाईन."

मुलगी जागची हलली नाही. "आजी, तुमचं होऊ दे आधी."

"अगं, खा ना!" ते ओरडले.

"नंतर खाते, बाबा." ती रडवेली झाली होती. आपलं काय चुकतंय ते तिला कळत नव्हतं.

आजींनी ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या घरी परत आल्या नाहीत. वर्षभरात शेजाऱ्यांनी फ्लॅट विकला, कुठे गेले कुणास ठाऊक.

मला दवाखान्यातली ती दुपारच आठवते. ते कॉटच्या कडेला बसले, आईच्या ताटातला घास उचलला. "आई, हे बघ, मी जेवतोय तुझ्याबरोबर." आजी वळल्या नाहीत. घास तोंडात धरून ते तसेच बसून राहिले.