बोटभर ओल

पडदेवाल्या काकू सकाळी दुकानात जात, त्या दिवे लागायच्या वेळेला परतत. दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर वाकून लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवायचे आणि घरी आल्यावर चपला काढायच्या आधी स्वतःच्या खिडकीशी जायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्या खिडकीत त्यांच्या फुलझाडांच्या कुंड्या होत्या: दोन अँथुरियम, एक पीस लिली, दोन आफ्रिकन व्हायोलेट. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तेव्हापासून काकूंचे सगळे लाड या पाचांच्या वाट्याला आले होते. मुलगी फोनवर म्हणायचीसुद्धा, "आई, माझी चौकशी झाली असेल तर आता माझ्या भावंडांचं सांग."

यजमान छापखान्यातून निवृत्त झाले आणि पाणी घालायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. "तू दमून येतेस. एवढं माझ्याकडे राहू दे." जन्मभर यंत्रावर काम केलेला माणूस, हात मोठा नेटका. एक थेंब बाहेर सांडायचा नाही. पहिलं वर्ष झाडं नुसती फुलत होती.

मग मोठ्या अँथुरियमची खालची पानं पिवळी पडायला लागली, देठ लुळे पडले.

"तहानलंय बिचारं," यजमान म्हणाले. "मान टाकलीय बघ."

काकूंनी मातीला हात लावला. नुसता चिखल. कुंडीखालची बशी काठोकाठ भरलेली.

"अहो, माती तर ओलीच आहे."

"असणारच. सकाळी घातलंय ना मी पाणी. एकदाच."

काकूंनी बशी ओतून टाकली. तळाचं भोक बुजलं असेल म्हणून विणकामाच्या सुईने ते मोकळं केलं. दुसऱ्या संध्याकाळी बशी पुन्हा भरलेली. आता लिलीनेही मान टाकली होती. काकूंच्या मनात पाल चुकचुकली, पण नक्की कशाबद्दल ते त्यांचं त्यांनाही सांगता येईना.

ते कळलं सुट्टीच्या दिवशी. काकू घरीच झालर जोडत बसल्या होत्या. यजमानांनी झारी भरली, पाचही कुंड्यांना पाणी घातलं, झारी खाली ठेवली आणि पेपर उघडला. दोन पानं वाचून झाली असतील नसतील, तोच ते उठले.

"अगं, कुंड्यांना पाणी घालायचं राहिलंच की आज."

झारीच्या तोंडातून अजून थेंब गळत होते. थट्टा करताहेत असं वाटून काकूंनी वर पाहिलं, तर यजमानांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. त्यांनी शांतपणे पुन्हा पाणी घातलं. जेवणाआधी आणखी एकदा.

दुसऱ्या दिवशी दुकानात काकूंचं मन थाऱ्यावर नव्हतं. पाणी विसरतात, तर गॅस विसरणार नाहीत कशावरून? दाराला कडी? रस्ता ओलांडताना? एका पडद्याची पट्टी वाकडी शिवली गेली, ती उसवली, पुन्हा वाकडीच. आणि त्यांनी एक चूक केली. घरी आल्यावर झारी उचलली आणि धुण्याच्या बादल्यांमागे लपवून ठेवली.

यजमानांनी ती शोधून काढली. दुसऱ्या संध्याकाळी काकू घरी पोचल्या तेव्हा झारी टेबलाच्या मधोमध होती आणि ते समोर बसून होते.

"ही तिथे कोणी ठेवली?"

"मीच. पाणी जरा जास्त होतंय म्हणून..."

"मग तसं सांगायचं! लपवायला मी काय लहान मूल आहे?"

इतक्या वर्षांत त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्या रात्री दोघंही नीट जेवले नाहीत. पुढचे दिवस घरात धुसफूस नाही, भांडण नाही, नुसती शांतता. आणि त्या शांततेत झारीची धार मात्र चालूच. काकूंना वाटे, सांगावं. मग वाटे, काय सांगणार? तुमचं डोकं तुम्हाला दगा देतंय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

शेवटी लिली मुळापासून कलंडली आणि खिडकीशी कुजका, गटारासारखा वास यायला लागला. काकू रोपवाटिकेत जाऊन विचारून आल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "मुळं सडलीत. आज हात घातलात तर एखादं वाचेल. उद्याचं सांगत नाही."

घरी येऊन काकूंनी जमिनीवर जुना पडदा अंथरला आणि लिली कुंडीतून ओढून काढली. यजमान खुर्चीवरून बघत होते. थोड्या वेळाने न बोलताच खाली येऊन बसले आणि रोप धरलं. नळाखाली माती धुतली तेव्हा मुळं दिसली: तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरताच साल निसटून येई आणि हातात नुसता दोरा राही. काकूंनी आपली कापडाची कात्री आणली. त्या कात्रीने कधी कुणाला साधा कागद कापू दिला नव्हता. स्पिरिटने पुसायची, सडका भाग कापायचा, पुन्हा पुसायची. पांढरी, टणक मुळं तेवढी ठेवायची. मूठभरसुद्धा उरली नाहीत.

"हे कशाने झालं?" यजमानांनी विचारलं.

"पाणी जास्त झालं. मुळांना हवाच मिळाली नाही."

"कोणी घातलं एवढं?"

काकूंची कात्री थांबली. "माझंच चुकलं" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढं म्हटलं असतं तर तो दिवस सुखाने गेला असता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती. म्हणजे त्यांना कुठेतरी कळलेलं होतं.

"तुम्ही," काकू म्हणाल्या. "तुम्ही घालता, आणि घातलेलं तुमच्या लक्षात राहत नाही. मग पुन्हा घालता."

रोप धरलेल्या त्यांच्या बोटांतून गढूळ पाणी ओघळत होतं.

"आणखी काय विसरतो मी?"

काकूंनी सगळं सांगितलं. गेल्या काही दिवसांत शेगडीवर करपलेलं पातेलं, उघडं राहिलेलं दार, मुलीला लागोपाठ केलेले फोन.

"चल, दुसरी कुंडी घे," यजमान म्हणाले. एवढंच.

पाचही झाडं त्यांनी मिळून साफ केली. सावलीत मुळं सुकू दिली, कुंड्या गरम पाण्याने धुतल्या, कोरड्या मातीत जाड वाळू मिसळली आणि रोपं लहान कुंड्यांत लावली. लगेच पाणी घालायचं नाही, असं रोपवाटिकेतल्या बाईंनी बजावलं होतं. ते दिवस सर्वांत कठीण गेले. यजमान झारीपाशी जात, काकू "नको" म्हणत, आणि ते कसेबसे मागे फिरत.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हा विसरभोळेपणा वयाचा नाही, आजाराचा आहे. गोळ्यांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. काकूंनी दुकानाच्या मालकांशी बोलून शिवणकाम घरी आणलं. आणि यजमानांना एक गोष्ट शिकवली: झारी उचलायच्या आधी मातीत बोट घालायचं, दोन पेरं. ओल लागली तर पाणी नाही. सकाळी घातलं होतं का, काल घातलं होतं का, काही आठवायला नको. दिवसातून कितीही वेळा बोट घातलं तरी झाडाचं बिघडत नाही. सुरुवातीला रोज सांगावं लागे. हळूहळू ते हाताच्या सवयीचं झालं, आणि सवय टिकली.

मोठं अँथुरियम गेलं. एक व्हायोलेटही गेलं. लिलीने मात्र महिनोन्‌महिने वाट बघायला लावून एक कळी काढली. यजमानांनी काकूंना हाक मारली. "अगं, इकडे ये, लिलीला कळी आलीय!" काकू मशीन थांबवून उठल्या, शेजारी उभ्या राहिल्या, दोघांनी डोळे भरून पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा हाक मारली. "अगं, इकडे ये, लिलीला कळी आलीय!"

काकूंनी मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं आणि त्या उठल्या.