साहेबांच्या आवाजात

बीदरच्या आमच्या ऑफिसात महिन्याला मीटिंग असते. वरून आलेला फॉर्म वाचतेत, "धोके सांगा." सगळे म्हणतेत, "काही न्हाई साहेब." अशा टायमाला मला कमलनगरचं ते जुनं सरकारी ऑफिस लई आठवतंय.

तिथं मी कंत्राटी कंप्युटर ऑपरेटर. पगारी काम टायपिंगचं, बिनपगारी काम साहेबांच्या नकला करायचं. साहेब म्हैसूरकडचे. चष्मा कपाळावर चढवून, घसा खाकरून, कशालाबी एकच उत्तर द्यायचे, "नोडोण." म्हंजे, बघू.

त्या साली गच्चीवर सोलर बसलं. पर्यावरण, शाश्वत का काय ते. फोटो बी निघाले. पण वायर आणून जोडली जुन्याच मीटर बोर्डाला. बोर्ड पुढच्या दाराजवळ, त्याच्याखाली आवक-जावक बघणाऱ्या अक्काची खुर्ची. मागचं दार चोराच्या भीतीनं कुलूपबंद, किल्ली कुणाकडं ते देवालाच ठाऊक. एकदा सकाळच्या मीटिंगला साहेबांनी विचारलं, "धोका?" सगळे गप. अक्का बी गप.

दुपारी साहेब जेवायला घरी गेले. इकडं डबे उघडले, आन् मी चष्मा कपाळावर चढवून त्यांच्या खुर्चीत. खाकरलो. "हां, बोला. धोका?"

अक्का भाकरी मोडत म्हणली, "साहेब, पावसात त्या बोर्डातून ठिणग्या उडायलेत. पेटलं तर मी पळू कुठून? पुढं आग, मागं कुलूप."

"नोडोण," मी म्हणलो.

कुणीच हसलं न्हाई. सगळे दाराकडं बघायलेत. दारात साहेब. माझं कंत्राट त्यांच्याच सहीवर!

साहेब अक्काला म्हणले, "सकाळी का नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं की जीभ टाळूला चिकटतीय. ह्यानं विचारलं की हसू येतंय, मग तोंड उघडतंय."

साहेब माझ्याकडं वळले. "मी असं बोलतो?"

"न्हाई साहेब." भीतीनं माझा आवाजच सापडंना, तोंडातून त्यांचाच निघाला.

तवा पहिल्यांदा त्यांना हसताना बघितलं. मग मेन स्विच पाडायला लावला, वायरमन बोलावला, आन् मागचं कुलूप फोडायला स्वतः दगड उचलला. तिथून पुढं मीटिंगची सुरुवात माझी, त्यांच्या आवाजात. साहेब माझ्या स्टुलावर बसून लिहून घ्यायचे. काय दिवस होते! एवढ्या तक्रारी आन् एवढं हसू एका खोलीत परत कुठंच ऐकलं न्हाई.

साहेबांची बदली झाली, माझं कंत्राट संपलं, अक्का तिथंच ऱ्हायली. परवा ऑफिसातनं तिचा फोन. पाण्याच्या टाकीची शिडी गंजून गेलीय, शिपाई अण्णा रोज तिच्यावरूनच चढायलाय, आन् नवे साहेब लई कडक.

"जरा विचार की रे, आपल्या जुन्या साहेबांवानी."

खाकरलो. "हां, अक्का. धोका?"

तिनं सांगितलं. आधी चाचरत, मग एका दमात. "आता बसलं तोंडात," म्हणली, आन् फोन न ठेवताच उठली. चपला वाजल्या, दार करकरलं.

"साहेब, आत येऊ का?"