चंद्रप्पा मागायला निघाले

जळकोटच्या पेठेत चंद्रप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानातल्या गादीइतकंच त्यांचं पोटही ऐसपैस होतं. दुकान ते महादेवाचं देऊळ, एवढाच त्यांचा रोजचा प्रवास. असा माणूस देगलूर, उदगीर करत थेट लातूरपर्यंत पायी जाणार म्हटल्यावर गावाला हसू आवरेना. त्यांची बायको नीलम्मा म्हणाली, "आवो, कोपऱ्यावरच्या गिरणीत जायाला तुम्हाला सायकल लागती, अन लातूर कुठलं गाठताय?"

पण चंद्रप्पांनी मनावर घेतलं होतं. लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ पावसानं पाठ फिरवली. गावातल्या मुलींच्या वसतिगृहाची विहीर तळाला गेली. बोअरसाठी केलेला अर्ज कुठल्या कपाटात जाऊन बसला, ते कुणालाच सांगता येईना. वसतिगृह सांभाळणाऱ्या गुणाबाईंनी शेवटी सांगून टाकलं, "पाडव्यापर्यंत पाण्याची सोय झाली तर बरं, न्हाईतर पोरींना घरी धाडते." घरी गेलेली पोर परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकीच्या बापानं तर सोयरीकही बघून ठेवली होती. त्या मुली चंद्रप्पांच्या दुकानात गूळ-शेंगदाणे घ्यायला यायच्या, त्यांच्या जाडेपणाची नक्कल करायच्या आणि खिदळत पळायच्या. चंद्रप्पा वरवर डोळे वटारायचे. त्या जाणार या विचारानं मात्र त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

तेव्हा कपाळाला भस्म लावून, तुपाच्या रिकाम्या डब्याला वरून फट पाडून स्वारी निघाली. जास्त गावं लागावीत म्हणून देगलूरकडून वळसा घेत चालत जायचं, वाटेतल्या गावांत बोअरसाठी पैसे मागायचे, असा बेत होता.

पहिल्याच गावात हलगी वाजली. मुलींसाठी एवढा मोठा दुकानदार पायी निघालाय म्हणून लोकांना कोण कौतुक! फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला, भाषणं झाली, जेवायला पुरणपोळी झाली. चंद्रप्पा आढेवेढे घेत सगळं स्वीकारत गेले. डबा तेवढा शालीखाली राहिला. आता या मंडळींचं अन्न खाल्लं, वर पैसे कसे मागायचे? चंद्रप्पा वाण्याच्या घरात जन्मले. दारी भिक्षेला जंगम आला की सुपानं धान्य घालायचं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. कुणापुढं हात पसरायची वेळच कधी आली नव्हती. आणि शेठ तोंडानं मागत नाहीत म्हटल्यावर, त्यांना पैशाची काय ददात, असं लोक समजून चालले. पुढच्या गावानं मागच्या गावापेक्षा मोठी शाल आणली, एवढाच काय तो फरक.

देगलूर येईपर्यंत नारळांचं ओझं पेलवेनासं झालं, तेव्हा चंद्रप्पांनी पोतं भरून एस.टी.च्या टपावर टाकलं आणि घरी धाडलं. पाठोपाठ दुसरं पोतं गेलं. नीलम्मानं ते उघडलं मात्र, ती सगळं समजली. दुकानाला कुलूप लावून तिनं उदगीरची गाडी धरली.

उदगीरच्या मठात चंद्रप्पा तळपायाच्या फोडांना एरंडेल लावत बसले होते. नीलम्मानं डबा उचलून हलवला. दोन-चार नाणी खुळखुळली.

"हे काय करायलात तुम्ही? नारळाचं दुकान टाकायचं हाय का?"

"मागवत न्हाई गं," चंद्रप्पा म्हणाले. एवढा थोराड माणूस, पण डोळे भरून आले. "तोंड उघडतो अन शब्द आतच राहतो. तू चल की संगट. तू माग."

"मागीन की! मला कशाची लाज? पण चाललात तुम्ही. लोक देतील ते तुमच्या पायांकडं बघून, माझ्या तोंडाकडं बघून न्हाई."

तरी ती बरोबर निघाली. नळेगावात तिनं त्यांना हळूच कोपरानं ढोसलं. चंद्रप्पा घसा खाकरून पुढं झाले आणि समोरच्याला तुरीचा भाव विचारून मागं आले. त्यानंतर लातूर येईपर्यंत नीलम्मा त्यांच्याशी बोलली नाही.

लातूरच्या आडतीवर अमृतराव अडत्यांनी त्यांना लांबूनच ओळखलं. चंद्रप्पा वर्षानुवर्षं त्यांच्याकडून डाळ नेत. "या शेठ, या!" म्हणत अमृतरावांनी गडी पिटाळला तो नेमका शाल आणि नारळ आणायला. चंद्रप्पांनी नीलम्माकडं पाहिलं. ती डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती, आणि तिचीही टाच फुटली होती. यापुढं मागायला गाव उरलं नव्हतं. इथं जीभ लुळी पडली तर पाडव्याला पोरींना न्यायला वसतिगृहाच्या दारात बैलगाड्या लागणार होत्या.

"अमृतराव, नारळ नको," चंद्रप्पा म्हणाले. आवाज चिरकला, पण निघाला. "आजवर मी तुमच्याकडं उधारीसुद्धा मागितली न्हाई. आज मागतो. आमच्या पोरींना पाणी द्या." आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं भर बाजारात पसरलं.

सौदा थांबला. अमृतरावांचा हात खिशात गेला. पोती वाहणाऱ्या हमालांनी कमरेच्या गाठी सोडल्या. एक म्हातारा शेतकरी विकलेल्या तुरीची पट्टी आणि पैसे घेऊन चालला होता, तोही वळून आला. दुपार कलली तेव्हा डब्यात नोट शिरेना, आणि नीलम्मा तोंडाला पदर लावून रडत होती.

पाडव्याच्या आधी बोअरची गाडी आली. खूप वेळ नुसता धुरळा उडाला आणि मग पाणी लागलं. गुणाबाईंनी चंद्रप्पांना मानानं अंगणात बोलावलं, पाट मांडला. पाहुण्याच्या पायांवर पाणी घालायची रीत दुष्काळात मोडली होती, ती आज करायची म्हणून मुली पहिली भरलेली कळशी घेऊन आल्या.

चंद्रप्पांनी घाईघाईनं पाय मागं ओढले. "पायावर नका गं सांडू," ते म्हणाले. मग पाटावरून उठून ते मुलींपुढं वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. "प्यायला द्या मला. मागतोय मी."