सासऱ्यांच्या दिवाणखान्यातली सिंफनी

पाश्चात्त्य सिंफनीवर अधिकारवाणीनं बोलणारा अख्ख्या तेल्हाऱ्यात मी एकटाच होतो, त्यामुळे माझं चुकतंय हे सांगायला कुणी नव्हतं.

शाळेत भूगोल शिकवायचो आणि घरी मिणमिणत्या बल्बखाली एकच कॅसेट ऐकायचो. कुण्या जुन्या जर्मन संगीतकाराची सिंफनी. (नागपूरच्या रद्दीवाल्याकडची, कव्हर उंदरांनी खाल्लेलं.) काय ते दुःख! व्हायोलिनं कण्हायची, माझे डोळे भरून यायचे. बायको ओरडायची, "आवाज कमी करा! शेजारचे इचारून राहिले, कोण गेलं म्हणून!"

सासरे अकोल्याचे बडे वकील. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी जावई म्हणून मी त्यांच्या लेखी विचाराधीनच होतो. पण त्या दिवाळीत मी सिंफनीवर असा काही बोललो, की त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, हे आमच्या वकील मंडळीले ऐकवाच!" मला आकाश ठेंगणं झालं.

ठरल्या दिवशी माझा टेप मांडीवर घेऊन एसटीनं अकोला गाठलं. दिवाणखाना वकिलांनी गच्च! मी गंभीरपणे म्हणालो, "ही अंत्ययात्रा आहे. यातला संथपणा ऐका. वाद्यवृंदाला असा संयमी कंडक्टर जगात नाही! रडू आलं तर लाजू नका." एका काकांनी खरंच रुमाल काढून ठेवला. मी बटण दाबलं.

अंत्ययात्रा पळत सुटली!

"जावईबापू, मयत लय घाईत दिसते!" मागून एक वकील म्हणाले.

"मयत कायची जी? वरात हाय!" रुमालवाले काका तर खांदे उडवायला लागले.

मी टेपला थापट्या मारल्या, कॅसेट उलटी घातली. छे! वरात थांबेना. सासऱ्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. संपलं!

तेवढ्यात मेहुण्यानं विचारलं, "भाऊजी, तुमच्याकडं लाइट कशी असते?"

"कशी म्हणजे? पावसानं दगा दिलेला. लाइट आली रे आली, की शिवारातल्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू. बल्ब नुसता लाल दिसतो."

"मंग टेप काय वेगळा चालंल? तोबी रांगतच असंल!"

सासरे इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांतून पाणी! रुमाल शेवटी त्यांच्याच कामी आला. "जावईबापू," ते धापा टाकत म्हणाले, "दर दिवाळीले या जी!" माझा निकाल लागला होता.

तेल्हाऱ्याला परतून पुन्हा कॅसेट लावली. मोटारी सुरू झाल्या, बल्ब लाल झाला आणि माझं लाडकं दुःख हळूहळू परत आलं. ज्या संयमी कंडक्टरची मी इतकी वर्षं आरती ओवाळली, तो आमच्याच लाइटच्या फीडरवर होता. आणि खरं सांगू? मले अजूनही तोच आवडते!