हसनचाचांची अमानत

ही गोष्ट मी कालपर्यंत कुणाच्या कानावर घातलेली नव्हती. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्या नाही — आणि वसईच्या चर्चमध्ये दरवर्षी ईस्टरच्या आधी कन्फेशनला गुडघे टेकते ना, तिथं फादरच्याही नाही. फादरना मी माझा राग सांगते, नणंदेचा हेवा सांगते. हे एवढं मात्र गिळून घरी येते.

परवा आमच्या जुन्या बहारीनवाल्यांच्या ग्रुपवर एकाने विचारलं — नव्वदच्या दशकात आपल्या माणसांनी तिकडे मोबाइल घेतले, त्या करारांत गुपचूप इन्शुरन्स घातलेला असायचा का हो? कुणाला काही आठवेना. मग एकाने माझं नाव घेतलं — फिलूला विचारा, ती तिकडे मोबाइलच्याच दुकानात होती. मी नुसतं अंगठ्याचं चित्र टाकलं आणि फोन पालथा ठेवला.

असायचा. तुम्हाला म्हणून सांगते — मीच घालायचे.

बहारीनच्या अदलिया भागातल्या मोबाइलच्या दुकानात मी काउंटरवर होते, आणि विकण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. खोटी नम्रता कशाला? भिंतीवर महिन्याच्या सेल्सवालीचा फोटो लागायचा, तो इतके महिने माझाच होता की मॅनेजर म्हणाला, आता चौकट बदलायला नको, तूच तिथं राहा. कोकणातला माणूस दारातून आत आला की बाकीच्या मुली त्याला माझ्याकडे पाठवायच्या. परमुलखात कुणी मराठीत "या, बसा, चहा घेणार?" म्हटलं की माणूस विरघळतो. आणि विरघळलेला माणूस कागद वाचत नाही, सही करतो. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

फोन हप्त्यावर घेतला की करारात एक चौकोन असायचा. आजारी पडलात, नोकरी गेली, तर तुमचे हप्ते विमा कंपनी भरेल. त्यासाठी बिलात दर महिन्याला थोडी भर, आणि तीही माझ्या विक्रीत धरली जायची. पण तो विमा घ्यायलाच हवा असं नव्हतं. आणि पक्की नोकरी नसलेल्याला त्यातून छदाम मिळणार नव्हता. दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला सांगायच्या असतात. मी सांगत नसे. चौकोनातली खूण आधीच करून ठेवायचे — म्हणजे प्रश्नच नको.

आणि मग हसनचाचा आले.

रत्नागिरीकडचे. मीना सलमान बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, तेही आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. पक्की नोकरी नाहीच. बोटवाल्यांना हाक मारायला सोपं जावं म्हणून त्यांना मोबाइल हवा होता. खुर्चीला ग्रीस लागेल म्हणून उभेच राहिले. सही करण्याआधी म्हणाले, "गो बाय, ह्यात विमा नाय ना? माला विमा चालत नाय. आमच्यात तो हराम."

मी काय म्हणावं? "विमा कसला, चाचा! अनामत आहे." अनामत, म्हणजे डिपॉझिट. जिभेवर आलं आणि बोलून गेले.

चाचांनी चष्मा लावला आणि कागदाची अरबी बाजू वर केली. कुराणामुळे त्यांना अक्षरं वाचता यायची, अर्थ यायचा नाही. बोट ठेवून त्यांनी एकेक अक्षर जुळवलं — "ता... मीन. तामीन." आणि अहो, त्यांचा चेहरा असा उजळला! "हा तर आमीन, अमानत, त्याच घरातला शब्द! तू अमानत बोललीस, तीच ही!"

तामीन म्हणजे अरबीत विमा. समोरच्या इमारतीवर तोच शब्द हातभर अक्षरांत होता, खाली इंग्रजीत अर्थासकट. मी रोज त्या पाटीखालून जायचे.

अमानत म्हणजे भरवशावर ठेवायला दिलेली वस्तू, जशीच्या तशी परत करायची. त्यांच्यात ह्या शब्दाला केवढं वजन, हे काय मला ठाऊक नव्हतं? सनाबिसला मी राहायचे, तिथं शेजारी कोकणी मुसलमानांचीच दोन घरं होती. मी म्हणाले, "हो चाचा, अमानत." त्यांनी बिस्मिल्ला म्हणून सही केली.

किती वर्षं मी स्वतःशी हुज्जत घातली — मी अनामत म्हटलं, त्यांनी अमानत ऐकलं, त्यांच्या कानांना मी काय करू? पण अनामत तरी खरी होती का? एका खोट्याला दुसऱ्याचं ठिगळ लावायचं आणि म्हणायचं, बघा, फाटलेलं नाही!

बरं, इथवर असतं तरी एखादा म्हणेल, पोट आहे बाई, चालायचंच. खरं पाप पुढेच आहे.

वर्षभराने चाचा पुन्हा आले. पांढरीस्वच्छ कमीज, अत्तराचा वास. हजला निघाले होते. जाण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाकडून माफी मागून घेतात — "कहासुना माफ कर, बाय," म्हणत माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. त्यांनी मला कधी वाकडा शब्दही बोललेला नव्हता! मग हळूच म्हणाले, "एक विचारू? दोस्त बोलतात, असल्या कागदात विमा घालतात. अल्लाच्या घरी जायचंय. असंल तर सांग, आजच काढून टाकू. मी रागावनार नाय."

काढायला एक फॉर्म आणि एक सही. माझी नोकरी जाणार नव्हती, मॅनेजरने भुवईसुद्धा उचलली नसती. फक्त त्या माणसाच्या नजरेतून मी उतरले असते. तेवढंच. आणि तेवढ्यासाठी मी त्यांच्याकडे नीट बघून म्हणाले, "विमा नाही, चाचा. अमानतच आहे. बिनघोर जा."

ते बिनघोर गेले.

परत आले ते मेंदी लावलेली दाढी, मक्केच्या जमजमच्या पाण्याची बाटली आणि खजुराचा डबा घेऊन. खजूर मी खाल्ले. छान होते. करार संपला तेव्हा माझ्या पगारातून पाकीट भरून "ही तुमची अमानत" म्हणून हातात ठेवलं — पकडली जाऊ नये म्हणून, दुसरं काही नाही. चाचांनी मीना सलमानभर सांगितलं, फिलूकडंच जा, ती खोटं बोलत नाय. रांग लागली हो! भिंतीवरचा फोटो आणखी वर्षभर हलला नाही. त्या रांगेतल्या कित्येकांना मी तोच शब्द विकला, ह्या वेळी जिभेवर आला म्हणून नाही, ठरवून.

चाचा पुढे गावी गेले आणि तिथंच वारले.

परवा ग्रुपवर प्रश्न विचारला तो त्यांच्या मुलाने, सलीमने. खाली त्याने आणखी एक ओळ लिहिली होती, ती मी तुम्हाला मघाशी सांगितली नाही. "अब्बांच्या पेटीत जुना करार सापडला. त्यावर तामीन लिहिलंय. अब्बा विमा घेणारे नव्हते, म्हणून विचारतोय." ह्याच्यावर मी अंगठा टाकला होता.

आज सकाळी त्याला लिहिलं. "सलीम, तो विमाच होता. अब्बांना न सांगता मी घातला. हजला जाण्याआधी त्यांनी मला तोंडावर विचारलं होतं, आणि मी नाही म्हणाले." खाली "माफ कर" लिहिलं होतं, ते खोडलं, आणि पाठवलं.